हम्फ्री फेलोशिपचा अर्ज : आधी प्रश्न, मग परदेश

नोकरीत दहा-बारा वर्षं गेली की शिकायच्या वाटा एकेक करून बंद होतात. शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती पंचविशीतल्या मुलांसाठी असतात. खात्याची प्रशिक्षणं तीन दिवसांत उरकतात. पीएच.डी.ला बसायचं तर सवड नसते. आणि राज्याचा गाडा तर नेमकी याच वयातली माणसं ओढत असतात. तालुका आरोग्य अधिकारी, नगरपरिषदेचा मुख्याधिकारी, पाणीपुरवठ्याचा उपअभियंता, बालविकास प्रकल्प अधिकारी, मेळघाटात नाहीतर नंदुरबारात पंधरा वर्षं पाय रोवून बसलेल्या संस्थेची समन्वयक, जिल्ह्याच्या गावी राहून शेतीवर लिहिणारा पत्रकार. यांना वर्षभर कामापासून बाजूला काढून शिकू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय फेलोशिप फार थोड्या आहेत.

त्यांपैकी अमेरिकेच्या ह्युबर्ट एच. हम्फ्री फेलोशिपबद्दल इथे लिहितो आहे. ती मुळातच या मधल्या टप्प्यातल्या, लोकसेवेतल्या माणसांसाठी काढलेली आहे. ओळखीपाळखीतले लोक अर्जाचे कच्चे मसुदे वाचायला आणतात, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. माणूस कामाचा असतो, अनुभव भक्कम असतो, आणि तरीही अर्ज फिका पडतो. अर्जदार आपल्या पदांबद्दल, पुरस्कारांबद्दल भरभरून लिहितो. पण इतकी वर्षं काम करताना कोणत्या प्रश्नाशी येऊन आपण अडलो, हे लिहीत नाही. माझ्या मते सगळा अर्ज त्या प्रश्नावर उभा राहतो. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

आधी योजना काय आहे ते पाहू. हम्फ्री हे मिनेसोटाचे सिनेटर आणि पुढे लिंडन जॉन्सन यांच्या काळात अमेरिकेचे उपाध्यक्ष. जानेवारी १९७८मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांच्या नावाने ही फेलोशिप सुरू केली. तेव्हापासून दीडशेहून अधिक देशांतले सहा हजारांवर लोक तिचा लाभ घेऊन आले आहेत. पैसा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा, आणि योजना फुलब्राइटच्या कुटुंबातली. भारतातले अर्ज यूएसआयईएफ या संस्थेमार्फत जातात. १९५०च्या भारत-अमेरिका करारातून ही संस्था उभी राहिली.

हा पैसा अमेरिकी काँग्रेस दरवर्षी मंजूर करते. त्यामुळे यंदा अर्ज मागवले आहेत का, भारतासाठी कोणती क्षेत्रं खुली आहेत आणि शेवटची तारीख कोणती, हे केवळ त्या वर्षीच्या अधिकृत जाहिरातीवरून ठरवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गेल्या सालच्या पीडीएफवर विसंबून कामाला लागू नका.

निवड झाली तर साधारण दहा महिने अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात राहायचं असतं. सोबत इतर देशांतून आलेले, तुमच्याच क्षेत्रातले लोक असतात. त्यात नैरोबीच्या महापालिकेतला अधिकारी असेल, नेपाळच्या आरोग्य खात्यातली डॉक्टर असेल. वर्गांना बसता येतं, पण पदवी मिळत नाही. शेवटी हातात प्रमाणपत्र पडतं. शिवाय किमान सहा आठवडे एखाद्या अमेरिकी संस्थेत किंवा कार्यालयात प्रत्यक्ष काम पाहायचं असतं. ती जागा विद्यापीठाच्या मदतीने स्वतःच शोधावी लागते. विमानभाडं, विद्यापीठाची फी, दरमहाचा भत्ता, पुस्तकांचा खर्च आणि आजारपणाचा विमा फेलोशिपमधून मिळतो.

विद्यापीठ तुम्ही निवडत नाही. विषयानुसार फेलोंचे गट केले जातात आणि तो तो गट ठरलेल्या विद्यापीठात पाठवला जातो. आजवर नगरनियोजनाचे गट एमआयटीत, सार्वजनिक आरोग्याचे अटलांटाच्या एमरी विद्यापीठात, लोकप्रशासनाचे सिरॅक्यूजच्या मॅक्सवेल स्कूलमध्ये राहिले आहेत. यादी बदलत असते. म्हणून अर्जात अमुक विद्यापीठाचं स्वप्न रंगवण्यात अर्थ नाही. कोणत्या प्रकारच्या कामाजवळ तुम्हाला जायचं आहे, ते लिहा.

पदवी नाही, म्हणजे वेतनवाढीचा किंवा बढतीचा थेट फायदा नाही, हे घरच्यांना आणि स्वतःलाही आधीच समजावून सांगा. ज्यांना पदवीच हवी आहे त्यांच्यासाठी वेगळे रस्ते आहेत. त्यांच्याबद्दल शेवटाकडे लिहितो.

पात्रतेत तीन ठिकाणी आपले लोक अडखळतात. पहिलं शिक्षण. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची असते. आपली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तीन वर्षांची असेल तर त्यावर पदव्युत्तर शिक्षण लागतं. अभियंते आणि डॉक्टरांना ही अडचण येत नाही. दुसरं, पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव. तिसरं, काम कोणत्या स्वरूपाचं आहे. केवळ अध्यापन किंवा संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी ही योजना नाही. धोरण, व्यवस्थापन, अंमलबजावणी यांत तुमचा हात असायला हवा. अलीकडच्या काळात अमेरिकेत शिकून किंवा बराच काळ राहून आलेल्यांनाही ती मिळत नाही. उलट, ज्याने अमेरिका कधीच पाहिली नाही त्याला इथे झुकतं माप असतं. धाराशिव किंवा वाशीममध्ये बसून 'आपल्याला कोण घेणार' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता मूळ गोष्ट. एका काल्पनिक अर्जदाराचं उदाहरण घेतो. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्याचा उपअभियंता आहे. पहिल्या मसुद्यात तो लिहितो : "मी गेली चौदा वर्षे पाणीपुरवठा विभागात कार्यरत असून अनेक गावांच्या नळयोजना यशस्वीरीत्या पूर्ण केल्या आहेत. मला उत्कृष्ट अभियंता पुरस्कार प्राप्त झाला आहे. अमेरिकेतील अद्ययावत तंत्रज्ञान आत्मसात करून ग्रामीण महाराष्ट्राच्या विकासात योगदान देण्याची माझी इच्छा आहे."

यातला शब्दही खोटा नाही. पण हा मजकूर दुसऱ्या कुठल्याही अभियंत्याच्या नावावर खपून जाईल. वाचणाऱ्याला या माणसाचा तालुका दिसत नाही, अडचण दिसत नाही, आणि हा दहा महिने तिकडे जाऊन नक्की काय पाहणार, तेही कळत नाही.

याच माणसाला समोर बसवून विचारलं, की बाबा, तुझी झोप कशाने उडते, तर तो वेगळंच सांगतो. ते जसंच्या तसं उतरवून घेतलं की दुसरा मसुदा होतो : "गेल्या उन्हाळ्यात माझ्या तालुक्यात ज्या गावांना टँकर लावले, त्यांतल्या कित्येक गावांत नळयोजना पूर्ण झालेली होती. टाकी उभी आहे, घरोघर नळ आहे, पण उद्भवाची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. भोवतीच्या शेतांत दरवर्षी नवे बोअर पडतात. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, असा कायदा १९९३पासून आहे. मी तो बजावायला गेलो तेव्हा निम्मी ग्रामसभा उठून गेली. पाणी माझ्या जमिनीखालचं आहे, असं शेतकऱ्याचं म्हणणं. पाइप कसा टाकायचा हे मला येतं. गावाला बरोबर घेऊन उपशावर मर्यादा कशी घालायची, हे येत नाही."

शेवटची दोन वाक्यं मोलाची आहेत. चौदा वर्षांचा अनुभव त्यातून दिसतो आणि शिकायची गरजही. मराठी माणसाला 'मला येत नाही' हे अर्जात लिहिणं जड जातं, कारण आपल्या गोपनीय अहवालाच्या सवयीत तसं लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने शेरा ओढवून घेणं. फेलोशिपचा अर्ज हा गोपनीय अहवाल नाही. ज्याला सगळंच येतं त्याला दहा महिने कशाला पाठवायचं, असं वाचणारा म्हणेलच.

यानंतर 'अमेरिकाच का' याचं उत्तर आपोआप समोर येतं. कॅलिफोर्नियाने २०१४मध्ये भूजलाचा कायदा केला. भूजलाच्या प्रत्येक मोठ्या खोऱ्यासाठी स्थानिक यंत्रणा नेमायच्या, त्यांनी आपला आराखडा करायचा आणि वीस वर्षांत उपसा आणि भरणा यांचा मेळ बसवायचा, अशी त्यात तरतूद आहे. तिथल्या शेतकऱ्यांनीही विरोध केला, आणि जमिनीबरोबर पाण्याचा हक्क येतो हीच समजूत तिथेही घट्ट आहे. मग ती यंत्रणा सभा कशा घेते, उपसा मोजते कशी, वाद कुठे मिटवते, हे पाहायला आमचा उपअभियंता जाणार आहे. असं लिहिलं की दहा महिन्यांचा आराखडा तयार होतो. कोणते वर्ग लावायचे, कोणत्या प्रकारच्या कार्यालयात सहा आठवडे काढायचे, कोणाला भेटायचं, सगळं त्या एका प्रश्नातून निघतं.

इथे एक पाऊल पुढे जाता आलं तर अर्ज फार उंचीवर जातो. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातली जमीन गाळाची आहे, तिच्याखाली पाण्याचे प्रचंड साठे आहेत. आपल्याकडे बेसाल्टचा काळा कातळ आहे. पाणी भेगांत आणि झिजलेल्या खडकाच्या थरात साठतं, साठे लहान असतात आणि एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत बदलतात. म्हणून तिथलं तंत्र उचलून इथे लावता येणार नाही. उपयोगी पडेल ती तिथल्या स्थानिक यंत्रणेची कामाची रीत. हा फरक अर्जदाराने आपणहून लिहिला, तर तो डोळे उघडे ठेवून जाणारा माणूस आहे हे कळतं. परतल्यावर काय करणार, हेही मग मोघम राहत नाही. अटल भूजल योजनेत ज्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, त्यांतली पाच-सहा गावं घेऊन उपशाचे नियम ग्रामसभेकडून करून घ्यायचे, असं तो लिहू शकतो. 'ग्रामीण महाराष्ट्राचा विकास' या शब्दांपेक्षा पाच-सहा गावं कितीतरी मोठी दिसतात.

परदेशी शिक्षणाचा गावच्या कामाला असा उपयोग होतो, याचा भक्कम दाखला आपल्याकडे गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हम्फ्री फेलो नव्हते. ते १९८४मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन परतले आणि गडचिरोलीत जाऊन राहिले. तिकडून त्यांनी आणली ती संशोधनाची पद्धत. प्रश्न मात्र गडचिरोलीच्या बायकांचे आणि बाळांचे होते. १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या होत्या आणि त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं निघालं. पुढे गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं १९९९मध्ये प्रसिद्ध झालं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, त्या कार्यक्रमामागे हे काम आहे. तुमच्या अर्जातून इतकं मोठं काम निघेल अशी अपेक्षा कोणी करत नाही. पद्धत बाहेरची आणि प्रश्न घरचा, हा क्रम मात्र तोच ठेवा.

लिहिण्याबद्दल काही गोष्टी. अर्ज इंग्रजीत असतो, पण पहिला खर्डा मराठीत करा. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की कार्यालयीन पत्रव्यवहाराची साचेबंद वाक्यं येतात. मराठीत लिहिताना माणूस खरं बोलतो. ते नंतर साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत न्या. हल्ली यंत्राकडून मसुदा लिहून घ्यायची सोय झाली आहे. त्यातून निघणारे सगळे अर्ज एकाच कपाटातून काढल्यासारखे दिसतात, आणि तुमच्याकडे जे खास आहे तेच त्यात पहिल्यांदा गळतं. व्याकरण तपासायला वापरा. विचार तुमचा राहू द्या.

वाचणारा वॉशिंग्टनमध्येही बसलेला असणार आहे. झेडपी, बीडीओ, जीआर, आयसीडीएस त्याला कळत नाहीत. लाख-कोटीही कळत नाहीत. आकडे दशलक्षांत लिहा. तालुका म्हणजे किती लोकसंख्या, हाताखाली किती माणसं, वर्षाचं अंदाजपत्रक किती, हे एकेका वाक्यात सांगा. आपली पदनामं कामाचा आवाका लपवतात. 'गटविकास अधिकारी' म्हटल्याने काही समजत नाही; दोन लाख लोकांच्या तालुक्यातल्या शंभरेक ग्रामपंचायतींचा कारभार बघते म्हटलं की समजतं.

बदल्यांचा खुलासा आवर्जून करा. तीन-तीन वर्षांनी जागा बदललेली दिसली की अमेरिकी वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस कुठे टिकत नाही. आपल्याकडे बदली नियमानेच होते, हे एका ओळीत लिहिलं की पुरतं. अतिरिक्त कार्यभार सांभाळला असेल तर तोही लिहा. एका वेळी दोन पदं चालवणं हे नेतृत्वाचंच उदाहरण आहे, आपण मात्र ते ओझं समजून गाळतो.

शिफारसपत्रं दोन लागतात, त्यांतलं एक सध्याच्या वरिष्ठांचं. साहेब म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." ही रीत सोयीची वाटते, पण मग निबंध आणि पत्र एकाच आवाजात बोलू लागतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. त्यापेक्षा साहेबांची पंधरा मिनिटं मागा. त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेले दोन प्रसंग टिपून एक पान त्यांच्या हाती द्या. पुराच्या रात्री छावणी कशी उभी केली, अंगणवाडीच्या आहाराचा ठेका कसा सरळ केला, असं काही. "सर, यातलं तुम्हाला जे आठवतं तेच लिहा" म्हणा. दुसरं पत्र मोठ्या नावाचं घेण्याचा मोह टाळा. पालकमंत्र्यांच्या लेटरहेडवरच्या चार गोड ओळींपेक्षा, तुमच्याबरोबर तीन वर्षं काम केलेल्या संस्थेच्या संचालिकेने लिहिलेलं पानभर पत्र वजनदार ठरतं.

सरकारी नोकरीतल्या अर्जदारांसाठी खरी परीक्षा कार्यालयातच असते. दहा महिन्यांची रजा आणि अर्जाला कार्यालयाची संमती यांसाठीचा प्रस्ताव जाहिरातीची वाट न पाहता आधी हलवा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत आणि त्यांत अध्ययन रजेची तरतूद आहे. ही रजा घेताना परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. आस्थापना शाखेत जाऊन, नियम समोर ठेवून, आपल्या संवर्गाला कोणाची मंजुरी लागते ते विचारून घ्या. टिपणी कुठून निघते आणि कोणाच्या टेबलावर थांबते, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? तीच माहिती स्वतःसाठी वापरा. विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आणि ना-हरकत प्रमाणपत्र सुरुवातीलाच मागून ठेवा.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. सरकारी नोकराला त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र किंवा कार्यालयाला दिलेलं पूर्वसूचना पत्र लागतं. विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० याच्या कलम ६कडेही लक्ष द्या. परदेशात गेल्यावर विदेशी आतिथ्य स्वीकारण्यासाठी सरकारी नोकराला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि तिचा अर्ज गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन करायचा असतो. आपल्या बाबतीत ती लागू होते का, हे विभागाकडून लेखी घ्या. मुलाखत पार करून, तारीख जवळ आल्यावर या कागदासाठी धावपळ करणं फार वाईट.

अर्ज भरल्यापासून विमानात बसेपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. आधी भारतात छाननी आणि मुलाखत, मग अमेरिकेतली निवड, मग विद्यापीठ. या मधल्या काळात एप्रिल-मेच्या बदल्या येऊन जातात. ज्या साहेबांनी तोंडी 'जा, मी आहे' म्हटलं ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात. म्हणून संमती कागदावर हवी.

कंत्राटी कर्मचाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या अनेकांचे करार अकरा महिन्यांचे असतात. दहा महिन्यांची रजा त्यात बसतच नाही. इतकी वर्षं क्षेत्रात काढलेल्या या लोकांना फेलोशिप मिळायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. त्यांनी आपल्या प्रकल्प प्रमुखांशी आधी बोलून, परतल्यावर त्याच कामावर घेण्याच्या तयारीचं पत्र मागावं. छोट्या संस्थांतल्या लोकांनीही विश्वस्त मंडळाचा ठराव करून घ्यावा, आणि आपल्या मागे काम कोण बघणार त्याचं नाव त्या ठरावात असावं.

घराचं गणितही कागदावर मांडा. फेलोशिपचा भत्ता एकट्याच्या पोटापुरता असतो. जोडीदार किंवा मुलं सोबत न्यायची तर त्यांचा खर्च तुम्हाला उचलावा लागतो. बहुतेक जण एकटेच जातात. चाळिशीतल्या बाईसमोर मुलाची दहावी, सासूबाईंचं दुखणं आणि 'आता या वयात कशाला' असं सगळं एकदम उभं राहतं. तिने पात्र असूनही अर्जच करायचा नाही, हे मला सर्वांत जास्त सलतं. वहिनी, ताई, कोणी असाल, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की अर्ज केला म्हणजे जायलाच हवं असं बंधन नाही. निवड होईपर्यंत घरच्यांना विचार करायला वर्ष मिळतं. दहावीचं वर्ष असेल तर पुढच्या फेरीला अर्ज करा, पण निबंध आत्ताच लिहून ठेवा.

मुलाखतीत पोपटपंची चालत नाही. दोन प्रश्न येणारच असं धरून बसा. एक, हे शिकायला अमेरिका कशाला, पुण्याच्या यशदामध्ये किंवा केरळमध्ये का नाही? या प्रश्नाने दुखावून जाऊ नका. केरळात तुमच्या विषयावर काय चाललं आहे ते वाचून जा, त्यातून काय मिळतं आणि काय उरतं ते सांगा. दुसरा, तुम्ही अमेरिकेला काय देणार? ही देवाणघेवाणीची योजना आहे. दुष्काळी तालुक्यात ऐंशी गावांना वेळेवर टँकर पोचवण्याचं नियोजन ज्याने केलं, त्याच्याकडे त्यांना सांगण्यासारखं भरपूर असतं. इंग्रजी बोलताना अडखळलात तरी चालेल. विषयावर अडखळू नका. बोलण्याचा सराव मात्र हवा, कारण इंग्रजीच्या परीक्षेलाही सामोरं जावं लागतं. ज्याला तुमच्या क्षेत्रातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाला रोज पाच मिनिटं आपला प्रश्न इंग्रजीतून समजावा. तो कंटाळला तर मांडणी बदला.

निवड झाली नाही तर पुन्हा अर्ज करता येतो, आणि तोवर प्रश्न अधिक धारदार झालेला असतो. दुसऱ्या वाटाही आहेत. फिलाडेल्फियाच्या आयझेनहॉवर फेलोशिप १९५३पासून चालतात. त्या काही आठवड्यांच्या असल्याने, ज्यांना दहा महिने घर सोडता येत नाही त्यांना सोयीच्या पडतात. ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाची पदव्युत्तर पदवी देते. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये मधल्या टप्प्यातल्या लोकांसाठी एक वर्षाचा पदवी अभ्यासक्रम आहे, पण तिथे खर्चाची तजवीज स्वतः करावी लागते. प्रत्येकीचा अर्ज वेगळा असतो. एकीसाठी लिहिलेला निबंध दुसरीला चिकटवू नका.

एक गोष्ट जाण्याआधीच मार्गी लावायची आहे. हम्फ्री फेलोशिपवर मिळणाऱ्या जे-१ व्हिसाला, संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती पाळावी लागतेच. पण मायदेशी कुठल्या खुर्चीत, हे कोणी ठरवून ठेवत नाही. भूजल शिकून आलेल्या अभियंत्याला इमारत दुरुस्तीच्या शाखेत बसवलं जातं, नागरी आरोग्य शिकलेली डॉक्टर साहित्य खरेदीच्या फायली पाहत राहते. म्हणून रजेचा प्रस्ताव करतानाच, परतल्यावर शिकलेल्या विषयाशी संबंधित पदावर नेमणूक मिळावी अशी विनंती त्यात लिहा. कोणत्या गावांत, कोणत्या योजनेखाली, काय करून पाहणार त्याचं एक पान सोबत जोडा. प्रस्तावावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला ते पान वाचून दाखवा आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवा.